टेंभी नाक्यावर बाबांनी झील धरली

बाळकुम,
कार्तिकी द्वादशी, सन १९५५

तीर्थस्वरूप आवडाआत्या हिच्या चरणी,

जयाचा नमस्कार. डोकं तुझ्या पायांवर ठेवायचं मनात होतं, पण सध्याच्या परिस्थितीत ते तू कानाला धरून वर उचलशील अशी भीती वाटते, म्हणून या खेपेला बाळकुम ते कल्याण एवढं अंतर मध्ये ठेवून नमस्कार करते आहे. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी पडली की तुला जिना चढवत नाही हे आईच्या लक्षात आहे. तिनं लसूण घालून कढवलेलं तेल बाटलीत भरून ठेवलंय, पण ते कोणाबरोबर पाठवायचं हा प्रश्न आहे, कारण नाथाकाकांबरोबर मी यापुढे तेलसुद्धा पाठवणार नाही, मग निरोप तर लांबच राहिला. नव्या भाताचे पोहे मिळाले असतील. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. पावसाळ्यापासून दर पत्रात मी हे वाक्य लिहीत आले, पण खोटं न बोलता आजच लिहिते आहे.

विमलाबाई, तुम्हांलाही नमस्कार. शाळेतून दमून आल्यावर तुम्ही आत्याला आमची पत्रं वाचून दाखवता, हे उपकार आमच्या सगळ्या घरावर आहेत. या खेपेला एकच विनंती. कंसातला मजकूर तुमच्यापुरता आहे, तो मनातल्या मनात वाचावा आणि चेहरा हलू देऊ नये. (आत्ता आत्या नुसतीच पान लावत बसली आहे की खरोखर रागावलेली आहे, ते बघून घ्या. रागावलेली असली तर आधी चहा होऊन जाऊ द्या.)

आत्या, नाथाकाका गवताची गाडी घेऊन कल्याणला आले आणि तुझ्या ओटीवर बसून त्यांनी तुला जे काही सांगितलं, त्याचा खुलासा म्हणून हे पत्र. तुझा उलट निरोपही त्यांनी आम्हांला अंगणात उभं राहून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा दिला. तो असा की, जयानं टेंभी नाक्यावर परक्या पोरांबरोबर नाच केला, तिच्या बापानं, पंढरीनं, भर सभेत एका किरिस्ताव मास्तराला धरून चेपला, आणि आता मी स्वतः येऊन काय तो निकाल लावते. नाथाकाका आपल्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात आणि बोलतानाही त्यांचा ठेका एकदा चढला की उतरत नाही, हे तुला मी सांगायला नको. नाच झाला हे साफ खोटं आहे. उलट जागच्या जागी खांबासारखं उभं राहायचं, बोटसुद्धा हलवायचं नाही, अशी आम्हांला सक्त ताकीद होती. चेपण्याबद्दल मात्र थोडं खरं आहे, ते पुढे येईल.

पहिल्यापासून सांगते. पाऊस लागायच्या आधी तू डोंबिवलीचं स्थळ घेऊन आलीस. मुलगा रेल्वेच्या कचेरीत, घर स्वतःचं, सासू कमी बोलणारी. (सासू कमी बोलते असं आत्यानं ज्या पद्धतीनं सांगितलं, त्यावरून बाकीचं सगळं घर बोलत असावं.) इंटर झाली तेवढं शिक्षण पुष्कळ, तुळशीचं लग्न लागलं की पोरीचंही लावून टाकू, असं तू म्हणालीस आणि बाबांनी मान हलवली. तुझ्यासमोर बाबांची मान वरखालीच हलते, आडवी हलत नाही. मला मात्र बी.ए. व्हायचं होतं. आपल्या आळीत बी.ए. झालेली एकही मुलगी नाही, आणि खरं सांगायचं तर एकही मुलगाही नाही. मी दोन दिवस जेवले नाही तेव्हा बाबा म्हणाले, कार्तिकापर्यंत कॉलेजात जा, पण नुसतं पुस्तक वाचायला जायचं. पोरगी तिथं दुसरं काही करते असं ज्या दिवशी कानावर येईल, त्या दिवशी पुस्तकं माळ्यावर आणि डोंबिवलीला होकार. मी कबूल केलं. तेव्हा माझ्या मनात पुस्तकाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

ते दुसरं काही मिरांडासरांच्या रूपानं आलं. सर वसईकडचे, आम्हांला तर्कशास्त्र शिकवतात आणि गाण्याच्या बाबतीत तर्क अजिबात चालू देत नाहीत. विद्यापीठानं सगळ्या कॉलेजांतली मुलंमुली जमवून एक गायनवृंद काढायचं ठरवलं आणि तो बसवायचं काम सरांकडे आलं. मी एकदा वाचनालयाच्या पायरीवर बसून तंद्रीत काहीतरी गुणगुणत होते, ते त्यांनी ऐकलं. झालं. शनिवारी दुपारी यायचं म्हणाले. मी घरी सांगितलं, जादा तास आहे. तो तास होता आणि जादाही होता, तेव्हा यात खोटं काही नाही असं मिरांडासरांच्याच तर्कशास्त्रानं मी स्वतःला पटवलं. आईला मात्र खरं सांगितलं होतं. आई म्हणाली, गाणं म्हणजे देवाचंच नाव की नाही, मग जा. (ते देवाचं नाव नव्हतं, पण तो तपशील मी आईला पुरवला नाही.)

आता वृंदात काय करतात ते सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा नीट कळेल. आपल्या मंडळात कसं, बुवा ओळ टाकतात आणि मागचे सगळे मिळून तीच ओळ त्याच सुरात उचलतात. झील धरतात. इथं तसं नाही. सरांनी आमच्या चार टोळ्या केल्या, दोन मुलींच्या आणि दोन मुलांच्या. गाणं एकच, शब्द एकच, पण त्याच वेळी प्रत्येक टोळीनं निराळ्या सुरात म्हणायचं आणि ते चारही एकमेकांत बसले पाहिजेत. सरांकडे एक दुपाखी लोखंडी काटा आहे. तो ते स्वतःच्या गुडघ्यावर आपटतात, कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि आम्हांला सूर देतात. पहिल्या दिवशी मला वाटलं यांचा कान ठणकतो. मी दुसऱ्या टोळीत होते. पहिल्या टोळीच्या मुलींना छान गोड चाल होती, ती गुणगुणत त्या घरी जायच्या. आमच्या वाट्याला चाल म्हणून काही नव्हतीच. आम्ही एकच सूर धरून बसायचं, मग कोणी सांगितल्यासारखं अर्धी पायरी खाली उतरायचं, की परत वर. मी गोठ्यामागं बसून याचा सराव करायचे. पहिल्या दिवशी आईनं ओवा आणून दिला, दुसऱ्या दिवशी पोट शेकायला विटकर तापवली. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी विचारायला आली की पोरीला काय होतंय.

आमचं मुख्य गाणं श्रमदानाचं. अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी ते रचलं होतं. त्यांचे हात पाहिले तर त्यांनी पेनपेक्षा जड काही कधी उचललं नसावं, पण गाणं जोरदार होतं. 'घ्या कुदळी, घ्या हो पाटी, बांध घालू देशासाठी', हे ध्रुपद, आणि पुढे चार कडवी. कडव्यांत धरणं, कालवे, पाच वर्षांची योजना वगैरे सगळं आलं होतं. आम्ही चाळीस जण पांढरेशुभ्र कपडे घालून, हात पाठीमागं बांधून, हसरा चेहरा ठेवून लोकांना कुदळी उचलायला सांगायचो. खाडीचं पाणी आपल्या शेतात शिरतं तेव्हा बांधावर काय अवस्था असते ते मी लहानपणापासून बघितलंय. तिथं हसरा चेहरा मी कोणाचाच पाहिलेला नाही. पण हे मी सरांना बोलले नाही, कारण मला ते गाणं आवडायला लागलं होतं. चारही टोळ्या नीट लागल्या की अंगावर काटा यायचा. आपण धरलेल्या एका रटाळ सुरामुळं दुसऱ्या कोणाचा सूर गोड होतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं, आणि त्यासाठी बाबांचा मार खायचीसुद्धा माझी तयारी झाली. माळ्यावर जाणाऱ्या पुस्तकांची मात्र नव्हती.

मुंबईत आम्ही कुठंही गायलो असतो तरी बाळकुमला पत्ता लागला नसता. पण दसऱ्यानंतर विद्यापीठानं वृंदाला बाहेरगावी पाठवायचं ठरवलं, आणि पहिलंच गाव निघालं ठाणं. तेसुद्धा टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेच्या सभागृहात. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही, तिकीट लावलंय, आपल्याकडचं कोण तिकीट काढून गाणं ऐकायला जातंय? माझा तर्क बरोबर होता. आपल्याकडचंच काय, ठाण्यातलंही कोणी काढेना. तेव्हा तिथल्या व्यवस्थापक मंडळींनी डोकं चालवलं आणि रिकाम्या खुर्च्या भरायला आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांना फुकट आमंत्रणं धाडली. विद्यापीठाची मंडळी गायला येत आहेत, तरी आपल्या मंडळानं अगत्यानं उपस्थित राहावं. बाबांनी ते मला ओसरीवर बसवून मोठ्यानं वाचायला लावलं. (विमलाबाई, तुम्ही आत्ता जसं दुसऱ्याचं पत्र वाचताय तसंच.) वाचून झाल्यावर बाबा आईला म्हणाले, "ठान्याशी बोलावनं आलाय. मोठी मंडली हाय. आपून कमी परता कामा नये."

इथं काय झालं ते तुझ्या लगेच लक्षात येईल, ठाण्याच्या लोकांच्या कधीच येणार नाही. एका मंडळानं दुसऱ्या मंडळाला गाण्याला बोलावलं म्हणजे काय करायचं असतं? आधी त्यांनी गायचं, मग आपण. नुसतं उपस्थित राहायला कोण जातो? बाबांनी त्या आमंत्रणाचा अर्थ अगदी सरळ लावला. चार संध्याकाळी देवळात तालीम झाली, टाळांच्या दोऱ्या बदलल्या, नाथाकाकांनी मृदंगाला नवी शाई भरून आणली. मी सरांकडे जाऊन सांगितलं, मला ताप येणार आहे. सर म्हणाले, दुसऱ्या टोळीत आधीच माणसं कमी, तू गळलीस तर गाणं एका अंगावर कलंडेल. मग मी आईला विचारलं. आई थोडा वेळ तांदूळ निवडत बसली आणि म्हणाली, "उंच पोरीच्या मांगं उभी रे."

वृंदात उंच मुलगी होती, देवाची कृपा. रविवारी संध्याकाळी मी तिच्या मागं जाऊन अशी उभी राहिले की सरांनी मला दोनदा हजर आहे का म्हणून विचारलं. तिच्या खांद्यावरून बघते तो आपलं मंडळ दोन बैलगाड्या भरून आलेलं. पांढरी धोतरं, डोक्याला टोप्या, पायांशी पिशव्यांत टाळ, आणि नाथाकाकांच्या मांडीवर मृदंग, डाव्या तोंडाला कणीक थापून तयार. दारावर तिकिटं फाडणाऱ्या माणसाला बाबांनी रीतीप्रमाणं बुक्का लावला आणि छातीशी धरलं. त्यानं बिचाऱ्यानं सगळ्यांना तिकिटाशिवाय पहिल्या दोन रांगांत बसवून टाकलं. अध्यक्ष म्हणून आलेले गृहस्थ खुर्चीत बसायला गेले, तर त्यांच्याही कपाळाला बुक्का. पुढं त्यांनी सबंध भाषण कपाळाला काळं बोट घेऊन केलं आणि आपण किती आधुनिक झालो आहोत हे सांगितलं.

पहिली दोन गाणी सगळ्यांनी एका सुरात म्हणायची होती. मंडळ शांत बसलं होतं, बाबा मानेनं दाद देत होते. पाहुण्या मंडळीत दम आहे, असा चेहरा होता. मग श्रमदानाचं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला आमच्या टोळ्या सुटल्या, चार दिशांना चार. आत्या, आम्ही त्या दिवशी फार चांगलं गात होतो. सरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसत होतं. पण मी खांद्यावरून बाबांकडे बघितलं, आणि ते बांधाला भगदाड पडल्यावर बघतात तसे आमच्याकडे बघत होते. त्यांनी नाथाकाकांकडे मान वळवली, नाथाकाकांनी हळहळून मान हलवली. माझ्या ध्यानात आलं. आयुष्यभर एका सुरात गाणाऱ्या माणसांना काय वाटणार? पोरांचा सूर सुटला. एकाचा नाही, सगळ्यांचाच, आणि तोही अध्यक्षांच्या समोर.

अशा वेळी आपल्यात काय करतात ते तू जाणतेस. बुवाचा सूर ढळला तर मागच्यांनी ओळ एवढ्या जोरात उचलायची की ढळलेलं कोणाला कळता कामा नये. मग तो बुवा आपल्या मंडळाचा असो की परक्या. गप्प बसून राहणं म्हणजे भर सभेत त्याची लाज जाऊ देणं. बाबांनी मला ओळखलं नव्हतं, त्यांना वाद घालायचा नव्हता, टिंगल तर मुळीच करायची नव्हती. त्यांनी निव्वळ चांगुलपणानं धोतराचा सोगा खोचला, उभे राहिले, हात कानाशी नेला आणि झील धरली. 'घ्या कुदळी, घ्या हो पाटी!' तो आवाज तुला ठाऊक आहे. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला माणूस बोलावतात तो. पुढच्या क्षणी पिशव्यांतून टाळ निघाले आणि नाथाकाकांनी थाप मारली.

मिरांडासर प्रेक्षकांकडे पाठ करून उभे होते. ते वळले, तेव्हा त्यांचे दोन्ही हात तसेच हवेत होते, आणि मंडळाला वाटलं हे गृहस्थ आपल्याला आणखी जोर लावा म्हणताहेत. मंडळानं लावला. आमच्या मुलांच्या खालच्या टोळीनं पहिल्यांदा फितुरी केली. त्यांना आपला सूर कधीच नीट सापडत नव्हता, तो बाबांनी इतका ठसठशीत दिल्यावर ते कशाला सोडतात? मग वरची टोळी गेली, मग पहिल्या टोळीतल्या मुली. टेंभी नाक्याची माणसं, टाळाचा आवाज कानावर पडल्यावर त्यांचे हात मांडीवर राहतात थोडेच? सगळं सभागृह ठेका धरायला लागलं. कडवी कोणाला येत नव्हती, त्यामुळं ध्रुपदच पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक फेरीला लय चढती. अर्थशास्त्राचे प्राध्यापक खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. आपल्या गाण्यात एवढी ताकद आहे हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं. (यातलं सगळं मला नंतर सांगण्यावरून कळलं. त्या वेळी माझं लक्ष एकाच माणसाकडे होतं.)

कारण त्या गडबडीत उंच मुलगी टाळ्या वाजवायला वाकली आणि मी उघडी पडले. बाबांची नजर थेट माझ्यावर. आत्या, मी तोंड मिटलं आणि नुसती उभी राहिले. डोंबिवलीचं घर, त्याची गॅलरी, न बोलणारी सासू, हे सगळं मला समोर दिसायला लागलं. पण बाबा थांबले नाहीत. भुवया चढल्या, मानेच्या शिरा फुगल्या, डोळे माझ्यावर, आणि तोंडानं 'बांध घालू देशासाठी'. उचललेली ओळ मध्येच टाकता येत नाही ना! रागावायचं तर गाणं संपल्यावर, आणि गाणं कसं संपवायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. सर हातांनी थांबा म्हणत होते, मंडळाला ती वाहवा वाटत होती. शेवटी बाबांनीच हात वर केला, देवाच्या नावाचा गजर झाला, आणि त्या गजरात अध्यक्षांचाही आवाज होता.

पडदा पडल्यावर बाबा आत आले. मागं सगळं मंडळ. मी भिंतीला लागून उभी. ते आधी सरांकडे गेले, रीतीप्रमाणं बुक्का लावला आणि त्यांना छातीशी धरलं. तू बाबांच्या मिठीत लहानपणी सापडली असशीलच. सरांचा चष्मा मधोमध वाकला, काटा हातातून पडला आणि त्यांनी एक बारीक आवाज काढला. चेपलं म्हणतात ते हेच. मग बाबा माझ्याकडे वळले. मी मनात पुस्तकं माळ्यावर ठेवायला घेतली होती. बाबा म्हणाले, "मी झील धरली न तू गप रायलीस? सगली गात व्हती, न पंढरीची पोरगी तोंड मिटून उभी? आपले घरान झील सोरायची नाय कंदी, जया!"

तिथं कशाला आलीस, पोरांबरोबर का उभी राहिलीस, माझ्याशी खोटं का बोललीस, यातलं काही नाही. मी गाणं सोडलं म्हणून ते दुखावले होते, खरंच दुखावले होते. मला रडू आलं. मग मिरांडासर वाकडा चष्मा सावरत पुढं झाले आणि म्हणाले की ती चुकली नाही, तिची टोळीच वेगळी. त्यांनी तिथंच चारही टोळ्यांना एकेक करून ती ओळ म्हणायला लावली, मग दोन-दोन, मग सगळ्या मिळून. मंडळ खाली बसून ऐकत होतं. बाबांनी डोळे मिटले होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे ह्या वेगला वेगला तुमी मुद्दाम करतान?" सर म्हणाले, मुद्दाम. मग बाबांनी विचारलं, ह्याला शिकायला किती काळ लागतो? सर तर्कशास्त्राचे खरे, त्यांनी एका नजरेत माझ्याकडे आणि एका नजरेत बाबांकडे बघितलं आणि सांगितलं, बी.ए. होईपर्यंत, दोन वर्षं तर धराच. बाबा मंडळाकडे वळून म्हणाले, "मंग दोन वरसा पोरीला कोनी काय बोलायचा नाय. आर्धा कच्चा शिकून आपल्याकडचा मानूस बाहेर जानार नाय."

आत्या, ते वाक्य सगळ्या मंडळासमोर झालंय, तेव्हा ते मागं घेता येत नाही. परतताना मी मंडळाच्या गाडीत बसले. मंडळाला स्वतःची गायची बारी मिळालीच नाही हे नाथाकाकांना कोलशेतच्या वळणावर आठवलं, आणि त्यांनी ती गाडीतच घेतली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी पहिल्या टोळीची गोड चाल आणि आमची रटाळ, दोन्ही आळीपाळीनं म्हणून दाखवल्या. आता घरात सराव उघड चालतो. ओवा बंद झाला आहे. तरी तू रागावू नये, गुडघ्यांना जपावं, आणि निकाल लावायला यायचंच असेल तर तेल न्यायला म्हणून यावं.

तुझी आज्ञाधारक (या बाबतीत सोडून),
जया

ता. क. आता खरं काम लिहिते. डोंबिवलीच्या मंडळींना दोन वर्षं नाही म्हणून तूच सांगावंस. तू स्थळ आणलंस, तेव्हा तुझ्या तोंडून गेलं तर ती माणसं दुखावणार नाहीत. बाबांनी हे तुला स्वतः कळवायला हवं होतं, पण ते तुला घाबरतात. हे सगळं पत्र ते समोर दोरी वळत बसून माझ्याकडून लिहून घेताहेत. गुडघ्यांची चौकशी त्यांचीच. नाथाकाकांच्या नावानं दोन शब्द जास्त घाल म्हणजे आवडीचा राग तिकडे जाईल, हेही त्यांचंच. (कंसातला मजकूर मात्र माझा.)

दुसरा ता. क. वृंदाचा पुढचा कार्यक्रम मार्गशीर्षात कल्याणलाच आहे. मिरांडासरांनी त्या गाण्याचं शेवटचं ध्रुपद आता मंडळाला दिलंय. चार टोळ्यांना जोडून आता पाचवी झाली, आणि ती मंडळाची. बाबा रोज अंघोळीच्या आधी सरांनी दिलेला काटा गुडघ्यावर आपटून घेतात. गुडघा सुजलाय, तुझ्या तेलातलं थोडं त्यांना वापरावं लागतंय.

तिसरा ता. क. बाबा बैलांना पाणी दाखवायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. हे लिहू नकोस असं त्यांनी बजावलंय. विमलाबाई, हे सावकाश वाचा. त्या रात्री गाडीत, सगळे झोपल्यावर, मी बाबांना विचारलं की अर्धं कच्चं शिकून कोण गेलं होतं? ते म्हणाले, आवडी. आजोबांच्या मंडळात बारीक झील तू धरायचीस म्हणे, बाबांना मांडीशी घेऊन, आणि आजोबा तुला नवीन अभंग शिकवत असतानाच तुझं लग्न लागलं. तू अकरा वर्षांची होतीस. तू कल्याणला गेल्यावरच्या पहिल्या एकादशीला आजोबांनी सवयीनं ओळ टाकली आणि बारीक झील धरायला कोणी नव्हतं. बाबांनी धरून बघितली, त्यांचा आवाज पोचला नाही. आजोबांनी तो अभंग पुन्हा कधी काढला नाही. आत्या, तू एवढी गात होतीस हे आम्हांला कोणी कधी सांगितलंच नाही. कल्याणला पहिल्या रांगेत बाबांच्या शेजारची खुर्ची मी तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितलंय. बाबांनी ओळ टाकली की पदर तोंडाला लावून बसू नकोस.